दाराचा कोयंडा तुटला तेव्हा तिन्ही शेजारी घरातच होते

कृष्णाकाठ । १४ मे २०२५

नमस्कार. बरीच वर्षं या चर्चेच्या संकेतस्थळावर वाचनमात्र आहे, पाककृतींच्या धाग्यांवर कधीमधी डोकावते. पहिला धागा असल्या विषयावर काढावा लागेल असं वाटलं नव्हतं.

आम्ही सांगलीत, विश्रामबागेच्या बाजूला, चौतीस घरांच्या कॉलनीत राहतो. बंगले म्हणायचे, पण दोन-तीन गुंठ्यांतली घरं. पुढे तुळस, मागे धुण्याचा दगड. गेल्या शनिवारी कोल्हापूरला भाचीचं लग्न होतं. मुक्काम एकाच रात्रीचा. खरं तर रात्रीच परतणार होतो, पण सासूबाई म्हणाल्या उशीर झालाय, राहू या.

रविवारी सकाळी साडेसहाला दूधवाल्याचा फोन. "वहिनी, तुम्ही घरात हाय का? दार सताड उघडं दिसतंय."

आलो तर पायरीवर कोयंडा पडलेला. कुलूप त्यातच, बंदच्या बंद. चार स्क्रू जसेच्या तसे, त्यांच्या टोकांना लाकडाचा भुगा. मी एक स्क्रू उचलून बोटावर धरला तर नखाएवढा भरला. एवढ्यावर आम्ही अकरा वर्षं निवांत झोपत होतो. कपाटाच्या किल्ल्या कपाटाच्याच डोक्यावर होत्या, त्यामुळे तिथे तर काही तोडावंही लागलं नाही. दोन पाटल्या, देवघरातलं चांदीचं ताम्हन, निरांजनं, सासूबाईंच्या आईचा कुंकवाचा करंडा आणि लग्नाच्या आहेरासाठी काढलेली रोख. सगळं सासूबाईंच्या इरकलीत बांधून नेलं. तांदळाचा, डाळीचा, एकूण एक डबा फरशीवर उपडा.

पण धागा काढायचं कारण वेगळं आहे. आमच्या दोन्ही बाजूंच्या आणि समोरच्या अशा तिन्ही घरांच्या दारांना बाहेरून कड्या घातलेल्या होत्या. समोरच्या काकांना अडीचच्या सुमारास आवाज आला. त्यांना वाटलं आम्हीच परत आलो. पण आवाज थांबेना म्हणून उठले, दार उघडायला गेले तर उघडेना. खिडकीतून हाका मारल्या. पलीकडच्या घरातले जागे होते की नव्हते कोण जाणे. फोन करायचा तर कॉलनीतल्या एकाचाही नंबर त्यांच्याकडे नव्हता. बंगळूरच्या मुलाला फोन लावला, त्याने झोपेतून उठून गुगलवर सांगलीतलं पोलीस ठाणं शोधलं. एवढं होईपर्यंत चोर गेलेले.

अकरा वर्षं समोरासमोर राहतो आम्ही. संक्रांतीला तिळगूळ देतो. माझ्याकडेही काकांचा नंबर नव्हता.

काय करायचं असतं अशा वेळी? रखवालदार ठेवायचा विचार चाललाय. तुमच्याकडे काय केलंय ते सांगा.

---

नऊवारी । १४ मे

बाई गं. कुंकवाच्या करंड्याचं वाचून पोटात तुटलं. पाटल्या परत करता येतील, तो कुठून आणणार.

आमच्याकडे (नाशिक, कॉलेज रोड) २०१९ च्या दिवाळीत अगदी हेच झालं होतं, कड्यांसकट. तेव्हापासून गावाला जाताना शेजारच्या मावशींकडे किल्ली असते. त्या सकाळी आमच्या दारात दोन बोटांची रांगोळी ओढतात, पेपर उचलतात, संध्याकाळी बाहेरचा दिवा लावतात. त्या तीर्थयात्रेला गेल्या की मी त्यांच्या दारात ओढते. माझी रांगोळी बघून चोर हसूनच परत जाईल म्हणा.

---

पाववडा । १४ मे

रांगोळीला +१. आमच्या बिल्डिंगमध्ये सुट्टीत कोण गावाला गेलंय ते दारातल्या दुधाच्या पिशव्या मोजून कळतं. मला कळतं तर चोराला का नाही कळणार?

---

रंधा । १५ मे

सुतारकामात तीस वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कंटाळा आला तर पुढे जा.

ताई, तुम्ही उचललात तो अर्धा इंची स्क्रू. कोयंड्याच्या पाकिटात तोच येतो आणि घाईतला कारागीर तोच मारतो. आजकालचं फ्लश डोअर म्हणजे वर प्लायचा पापुद्रा आणि आत मऊ लाकडाच्या चिपट्या. त्यात अर्धा इंची स्क्रू म्हणजे लोण्यात खिळा. कुलूप हजाराचं असो की शंभराचं, चोर कुलपाला हातच लावत नाही. कटावणी कोयंड्याखाली घालतो आणि एक हिसका देतो. पेपरात 'कडीकोयंडा उचकटून' लिहितात ते हेच.

यावर इलाज असा. कोयंडा दाराला आरपार नट-बोल्टने बसवायचा. बोल्टचं गोल डोकं बाहेर, नट आतून, आणि नटाखाली लोखंडी पट्टी. चौकटीच्या बाजूला आरपार जाता येत नाही, तिथे तीन इंची स्क्रू लावायचे म्हणजे ते चौकट ओलांडून भिंतीत जातात. सगळं मिळून मजुरीसकट हजाराच्या आतलं काम आहे. लोक पंधरा हजारांचं डिजिटल कुलूप बसवतात आणि चौकट पोखरलेली असते ती तशीच ठेवतात.

बाहेर लोंबणारं कुलूप म्हणजे 'आम्ही घरात नाही' अशी पाटीच. नाइट लॅच किंवा दाराच्या जाडीतलं मॉर्टिस कुलूप असेल तर माणूस आत आहे की बाहेर ते रस्त्यावरून कळत नाही.

बाहेरच्या कडीबद्दल. ती कडी हवीच कशाला? सवय म्हणून लावतात झालं. काढून टाका. काढायची नसेल तर दार उघडं असतानाच्या स्थितीत कडीच्या भोकात छोटं कुलूप अडकवून ठेवा, म्हणजे कोणी सरकवू शकणार नाही. एवढंसं काम आहे, पण मी शंभर घरं बघितली तर दोघांनी केलेलं दिसतं.

आणि मागचं दार! पुढे सागवानी दार, पितळी बिजागऱ्या, गणपती कोरलेला. मागे धुण्याच्या जागेला पीव्हीसीचं दार, लाथेत जाणारं. सरकत्या खिडकीचा पल्ला बाहेरून वर उचलून रुळातून काढता येतो. वरच्या पन्हळीत दोन स्क्रू अर्धे बाहेर ठेवून मारले की पल्ला उचलला जात नाही. ग्रिल खिडकीच्या चौकटीवर स्क्रूने बसवलंय की भिंतीत गाडलंय ते एकदा हलवून बघा. संडासाच्या काचेच्या पट्ट्या तर हाताने निघतात, बारीक पोरगं आत घालतात.

आमच्या आजोळच्या वाड्यात दाराला आगळ होती. मनगटाएवढी नव्हे, मांडीएवढी. रात्री भिंतीतल्या भोकातून ओढून या टोकापासून त्या टोकापर्यंत घालायची. हत्ती आणला तरी दार उघडलं नसतं. एकच गैरसोय, घरात कोणीतरी असावं लागायचं. तेव्हा घर रिकामं राहत नव्हतं.

---

तेरावा_मजला । १५ मे

रंधा, आजच खिडकीच्या पन्हळीत स्क्रू मारले. नवरा विचारतोय तेराव्या मजल्यावर कोण येणार. पाइपवरून येतात म्हटलं, गप्प बसला.

ठाण्यात घोडबंदर रोडला मोठं संकुल आहे आमचं. गेटवर अॅप, पाहुण्याचा फोटो, ओटीपी, सगळं. तरी गेल्या वर्षी भरदुपारी दोन फ्लॅट फुटले. आलेला माणूस पार्सलवाला म्हणून शिरला. अॅपवर चौथ्या मजल्यावरच्या कोणीतरी न बघताच परवानगी दिली होती, रोज वीस वेळा फोन वाजतो म्हणून. शेजारच्या आजींनी त्याला आमच्या मजल्यावर कुलपाशी खटपट करताना बघितलंसुद्धा. त्यांना वाटलं आमच्याकडे सुतार आलाय. विचारायचं कसं, उगाच कोणाच्या घरात नाक खुपसल्यासारखं होईल, असं त्या नंतर म्हणाल्या. आम्ही त्यांच्याशी सहा वर्षांत लिफ्टमधल्या 'हं' पलीकडे बोललो नव्हतो. त्यांची काय चूक?

---

गस्तवाला । १५ मे

पोलीस खात्यातून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. घरफोडीच्या पंचनाम्यांना किती गेलो ते मोजलेलं नाही.

पहिली गोष्ट. दार फुटलेलं दिसलं तर आत जाऊ नका. चोर आत असू शकतो, आणि नसला तरी तुमच्या पायाखाली पुरावा जातो. बाहेर उभं राहून ११२ लावा. १०० च्या जागी आता हाच नंबर, पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका सगळ्यांना एकच.

आम्ही पोहोचेपर्यंत निम्म्या घरांत केर काढून झालेला असतो. खोटं नाही सांगत. "साहेब येणार म्हणून जरा आवरलं." कपाटाची मूठ पुसलेली, डबे परत फडताळात. मग ठसेवाला बिचारा काय उचलणार? श्वान येतं, हुंगतं, आणि मुख्य रस्त्यापर्यंत जाऊन घुटमळतं. पेपरात हे वाक्य वाचून लोक हसतात, पण कुत्र्याचं चुकत नाही. तिथून पुढे चोर गाडीवर बसलेला असतो.

दुसरं, दागिन्यांचं वर्णन. "दोन तोळ्यांची माळ" असं सांगून आम्ही काय ओळखणार? सोनाराने वितळवली की संपलं, पण वितळवण्याआधी सापडते तेव्हा ती तुमचीच हे सिद्ध करायला लागतं. प्रत्येक दागिना फूटपट्टीशेजारी ठेवून फोटो काढा. पावत्यांचेही काढा. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या नव्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक, म्हणजे एचयूआयडी, असतोच, प्रत्येक नगाचा वेगळा. भिंगाने वाचून लिहून ठेवा. भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' अॅपवर घातला की दागिन्याची माहिती दिसते. ही यादी घरातल्या कपाटात ठेवू नका, नाहीतर चोर तीही नेतो. फायलीतून चोराने पावत्यासुद्धा नेलेल्या मी बघितल्यात.

तिसरं. कपाटाचं कुलूप दुरुस्त करायला रस्त्यावरच्या किल्लीवाल्याला घरात घेऊ नका. 'किल्ली तापवून आणतो, तोवर कपाट उघडू नका' म्हणतो आणि दोन दिवसांनी तुम्ही उघडता तेव्हा आत काही नसतं.

---

कृष्णाकाठ । १५ मे

गस्तवाला, कबूल करते. पोलीस यायच्या आधी सासूबाईंनी सगळी डाळ झाडून सुपात भरली होती. "अन्न आहे ते, पायदळी कसं येऊ द्यायचं" म्हणाल्या.

कॅमेऱ्याची गंमत सांगायची राहिली. कॉलनीत वर्गणी काढून दोन वर्षांपूर्वी चार कॅमेरे लावले होते. एकाचं तोंड वाऱ्याने आभाळाकडे, एकापुढे बोगनवेल. उरलेल्या दोनांचं रेकॉर्डिंग पोलिसांनी लावायला सांगितलं, रात्री अडीचचं. बघतो तर स्वच्छ ऊन, आणि आमच्याच दारात पंचवीस माणसं जमलेली! सगळे एकमेकांकडे बघायला लागले. त्या डीव्हीआरचं, म्हणजे रेकॉर्डिंगच्या यंत्राचं, घड्याळ बसवल्यापासून लंडनच्या हिवाळी वेळेवर होतं. साडेपाच तास मागे. कोणी एकदाही तपासलेलं नाही. मग त्या घड्याळाच्या आदल्या रात्री नऊला जाऊन बघितलं तेव्हा दोघं दिसले, तोंडाला टॉवेल. चेहरे नाहीत.

---

लेस्टरची_लेक । १६ मे

लंडनच्या घड्याळाचं वाचून हसावं की रडावं. इथे इंग्लंडात, लेस्टरमध्येही आपल्या लोकांची घरं सोन्यासाठी फोडतात. भारतीय घरात सोनं असतं हे चोरांना पक्कं माहीत. दिवाळी आणि लग्नसराईच्या आधी पोलीस मुद्दाम सांगतात की दागिने बँकेत ठेवा.

इकडे 'नेबरहुड वॉच' म्हणून प्रकार आहे, १९८२ साली चेशर परगण्यातल्या मॉलिंग्टन या गावात सुरू झाला. खांबावर पिवळी पाटी असते. मी आल्यावर मला वाटलं ही माणसं हातात काठी घेऊन फिरत असतील. प्रत्यक्षात आमच्या गल्लीची प्रमुख बाई सत्तरीची आहे आणि तिचं मुख्य काम म्हणजे कोण कधी सुट्टीवर जातंय ते माहीत असणं आणि त्यांचे कचऱ्याचे डबे ठरल्या दिवशी आत-बाहेर करणं. बाहेर राहिलेला डबा म्हणजे इथली दुधाची पिशवी. माझ्या सासूबाई आल्या तेव्हा तिला बघून म्हणाल्या, ही तर आमच्या चाळीतली शांताबाई.

---

गोदाकाठचा । १६ मे

तुमचं शहराचं झालं. आमच्याकडं जालना-बीड भागात गेल्या वर्षी, २०२४ च्या पावसाळ्याच्या तोंडावर, ड्रोनचं काय चाललं होतं ते आठवतं का? रात्री आभाळात लाल-हिरवे दिवे दिसायचे, आणि चोर ड्रोनने घरं हेरतात म्हणून गावंच्या गावं जागायची. आम्ही पंधरा दिवस काठ्या घेऊन पारावर बसलो. ड्रोन कोणाचे होते देव जाणे, मात्र त्या पंधरा दिवसांत गावात एक कोंबडी चोरीला गेली नाही. मग पेरणीची घाई लागली, जागणारे शेतात दमले, आणि गस्त बंद पडली. महिनाभरातच पाण्याच्या दोन मोटारी विहिरीवरून गेल्या.

आमच्या गावाने ग्रामसुरक्षा यंत्रणा घेतलीय. एका टोल फ्री नंबरवर फोन केला की तुमच्याच आवाजातला निरोप गावातल्या सगळ्या नोंदवलेल्या फोनवर एकदम वाजतो. चोरी, आग, बिबट्या, काही असो. बटण दाबायला लागत नाही, इंटरनेट लागत नाही. मागल्या हिवाळ्यात मध्यरात्री गंजी पेटली तेव्हा पाच मिनिटांत तीस माणसं बादल्या घेऊन हजर होती. पण नोंदणी नसलेला फोन वाजत नाही, आणि निम्म्या गावाने नंबर बदललेला असतो. पोलीस पाटलाच्या मागे लागून यादी ताजी ठेवावी लागते.

---

सरळसोट । १६ मे

इतकं लिहिताय सगळे, पण मुळावर कोणी बोलत नाही. चोऱ्या करतात ते कोण हे सगळ्यांना ठाऊक आहे. गावाबाहेर पालं पडली की आठवड्यात [मजकूर काढला आहे – व्यवस्थापक]

---

काळा_डगला । १६ मे

व्यवस्थापकांनी ओळ काढली ते बरं केलं. तरी मी वाचली होती, म्हणून उत्तर देते.

१८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला आणि पालांत राहणाऱ्या भटक्या जमातींना जन्मतःच चोर ठरवायची सोय झाली. १९५२ साली तो रद्द झाला, ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात तो त्यासाठी. कायदा जाऊन सत्तर वर्षं झाली, पाल दिसलं की बोट दाखवायची सवय गेली नाही.

आणि ही नुसती बोलायची गोष्ट नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात पाच माणसं मारली गावाने. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीतली, मंगळवेढ्याकडची, भिक्षा मागत आलेली. मुलं पळवणारे आलेत असा मेसेज फिरत होता. १६ एप्रिल २०२० ला पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले, तिथेही चोर आल्याची आवई होती. तिथेही लोक रात्री गस्तच घालत होते. गोदाकाठच्या काठ्यांबद्दल वाचताना माझ्या डोळ्यांपुढे तेच आलं, राग मानू नका.

अनोळखी माणूस दिसला तर विचारा, कोणाकडे आलात? समाधान नाही झालं तर ११२. डोळ्यांदेखत दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा करताना कोणी सापडला तर सामान्य माणसालाही त्याला धरता येतं, पण सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करावं लागतं. खांबाला बांधून मारणं यात बसत नाही. तो वेगळा गुन्हा, आणि त्यात तुम्ही आरोपी.

आता कृष्णाकाठताईंसाठी कामाचं. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू आहेत. राहत्या घरातली चोरी म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३०५, सात वर्षांपर्यंत शिक्षा. चोरीसाठी रात्रीची घरफोडी, म्हणजे सूर्यास्त ते सूर्योदय या वेळातली, कलम ३३१(४), चौदा वर्षांपर्यंत. एफआयआरवर ही कलमं आहेत ना ते बघा, आणि तिची प्रत फुकट मिळते, मागून घ्या. तपास कुठवर आला ते ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवायचं असं नव्या नागरिक सुरक्षा संहितेत आहे. तारीख लिहून ठेवा आणि नव्वद दिवस झाले की विचारायला जा, संकोच करू नका.

माल सापडला तर तो खटला संपेपर्यंत ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत पडून राहायलाच हवा असं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच सुंदरभाई देसाई प्रकरणात सांगितलंय, पंचनामा आणि फोटो करून, हमी घेऊन वस्तू लवकर मालकाला द्यावी. न्यायालयात अर्ज करावा लागतो, तो करा.

---

सरळसोट । १६ मे

ठीक आहे. लिहिताना तोल गेला. आमच्याकडेही मार्चमध्ये चोरी झालीय, त्या रागात होतो.

---

आजीबाई_७४ । १७ मे

मी एकटी राहते, पुण्यात सदाशिव पेठेत. कड्या-कोयंडे सगळं मजबूत आहे. मला भीती दार फोडणाऱ्याची नाही, बेल वाजवणाऱ्याची.

मागच्या वर्षी मंडईतून येताना दोघं मोटरसायकलवर आले. "आजी, पोलीस आहोत, पुढे एका बाईला चाकू मारलाय, अंगावरचे दागिने काढून पिशवीत ठेवा." कागदाची पुडीसुद्धा बांधून द्यायला निघाले. मी म्हटलं, माझे दागिने मुलीकडे आहेत, हे रोल्डगोल्ड आहे, तुला हवं तर घेऊन जा. गेले निघून. खरं सोनं होतं हो ते! पाय इतके लटपटत होते की भाजीवालीकडे पाणी मागून घेतलं.

आम्ही पेठेतल्या सात बायका आहोत. रोज सकाळी आठच्या आत गटावर चहाच्या कपाचं चित्र टाकायचं. सव्वाआठला एखादीचा कप दिसला नाही की फोन. फोन उचलला नाही की जी सगळ्यांत जवळ ती दारात. एकीचा कप आला नव्हता, ती न्हाणीघरात पडलेली सापडली. चोरांसाठी सुरू केलं होतं, उपयोग झाला तो असा.

---

नऊवारी । १७ मे

आजीबाई, रोल्डगोल्डला साष्टांग नमस्कार.

---

पाववडा । १७ मे

बँकेच्या लॉकरवर कोणी लिहिलं नाही. आमचा समज होता लॉकरमधलं गेलं तर बँक भरून देते. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ पासूनच्या नियमाप्रमाणे चोरी, आग, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची लबाडी झाली तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पट, तेवढीच. भाडं दोन हजार असेल तर दोन लाख. आजच्या भावाने बांगड्यांचा एक जोडही येणार नाही. तरी घरातल्या तांदळाच्या डब्यापेक्षा बरंच.

विम्याचंही तसंच. 'भारत गृह रक्षा' घेतली म्हणजे चोरीची चिंता मिटली असं काहींना वाटतं. ती आग, पूर, भूकंप वगैरेंसाठी आहे. तशी आपत्ती आली आणि त्यानंतर सात दिवसांत चोरी झाली तर त्यात धरतात. नुसत्या घरफोडीसाठी वेगळं कवच घ्यावं लागतं, आणि दागिन्यांची यादी आधी द्यावी लागते. सांगलीकरांनी पूर बघितलाय, म्हणून मुद्दाम लिहिलं.

---

तेरावा_मजला । १८ मे

एक शंका. शेजाऱ्यांना सगळं माहीत असावं हे पटतंय, पण मग 'तुमच्याकडे काल रात्री अकराला कोण आलं होतं' हेही सुरू होतं ना? मी कल्याणच्या चाळीतून मुद्दाम फ्लॅटमध्ये आले ती याच पाळतीला कंटाळून. लग्नाआधी मला घरी सोडायला कोण येतं याची नोंद खालच्या काकूंकडे तारीखवार होती.

---

लेस्टरची_लेक । १८ मे

खरंय. पण चोर आला असता तर त्याचीही नोंद काकूंकडे असतीच!

---

तेरावा_मजला । १८ मे

हो, त्याचं स्थळ कुठलं तेही विचारून ठेवलं असतं. :)

---

कृष्णाकाठ । २७ सप्टेंबर २०२५

बऱ्याच जणांनी विपूत (माझ्या विचारपुशीच्या पानावर) विचारलं म्हणून धागा वर काढतेय.

चोर सापडले नाहीत. नव्वद दिवस झाल्यावर मी एफआयआरची प्रत घेऊन गेले, तपास चालू आहे असं सांगितलं. मीही लेखी मागितलं. मिळालं. करंड्याचा फोटो सापडला एका जुन्या हळदीकुंकवाच्या अल्बममध्ये, सासूबाईंच्या हातात आहे तो. तो नेऊन दिलाय.

रखवालदाराचा बेत बारगळला. दोन पाळ्यांचे महिना तीस हजार, घरटी नऊशेच्या आसपास. पहिल्या सभेला एकोणतीस जण आले, सगळ्यांनी माना डोलावल्या. वर्गणी द्यायच्या दिवशी अकरा जण. मग पुरुषमंडळींनी गस्त सुरू केली, चौघांची पाळी, शिट्टी, बॅटरी. ती तीन आठवडे चालली. तिसऱ्या आठवड्यात गस्तवाले माझ्या ओट्यावर बसून पत्ते खेळत होते, तेवढीच आम्हाला राखण.

टिकलं ते बारीकसारीक. रंधांचा प्रतिसाद मी छापून आमच्या सुताराला दाखवला. त्याने वाचला, जरा गाल फुगवले, आणि म्हणाला, "बरोबर लिहिलंय, पण आधी कोण पैसे देतंय?" एकाच रविवारी एकोणीस घरांची कामं केली त्याने. बाहेरच्या कड्या काढल्या, कोयंडे आरपार बसवले. निघालेल्या कड्या भंगारात घातल्या, त्यातून आलेल्या पैशांत सगळ्यांना भेळ झाली. डीव्हीआरचं घड्याळ आता दर एक तारखेला आठवीतली एक मुलगी तपासते, तिने स्वतःहून मागून घेतलेलं काम आहे. बोगनवेल छाटली. तिच्या मालकीणबाई महिनाभर माझ्याशी बोलत नव्हत्या.

आणि फोनची यादी. व्हॉट्सअॅपचा गट आधी होताच, पण त्यावर सुप्रभात आणि लोकांनी पुढे ढकललेल्या चोरांच्या चित्रफिती. कुठल्यातरी दुसऱ्याच राज्यातल्या, दोन वर्षं जुन्या. रात्री सगळे तो गट मुका करून झोपतात. म्हणून कागदावर यादी केली, जाड अक्षरात. प्रत्येक घरापुढे दोन नंबर, एक घरातल्याचा आणि एक बाहेरगावच्या मुलाचा किंवा मुलीचा. स्वयंपाकघरातल्या फडताळाच्या दाराला आतून चिकटवायची, म्हणजे आल्यागेल्याला दिसत नाही. अपरात्री बघायची वेळ आली तर आपल्या दोन्ही बाजूचे आणि समोरचे असे तीन नंबर लाल शाईत.

ऑगस्टमध्ये एकदा समोरच्या काकांचा फोन आला, रात्री पावणेदोनला. "तुमच्या मागल्या दाराशी कोणीतरी आहे." ह्यांनी दिवे लावले, मी उजवीकडच्यांना फोन केला, त्यांनी पलीकडे. चार मिनिटांत सात घरांचे दिवे लागले. मागल्या दाराशी आमचाच पुतण्या निघाला, मुंबईहून रातराणीने आलेला, बेल वाजवून आजीची झोप मोडू नये म्हणून मागून येत होता. बिचारा दोन्ही हात वर करून उभा. काका अजून त्याला 'आरोपी' म्हणतात.

---

रंधा । २७ सप्टेंबर

एकोणीस म्हणालात. उरलेली पंधरा?

---

कृष्णाकाठ । २७ सप्टेंबर

नऊ भाड्याने आहेत, मालक म्हणतात भाडेकरूंनी करावं, भाडेकरू म्हणतात मालकांनी. पाच जणांचं 'दिवाळीला बघू'. आणि सतरा नंबरच्या बाई कोणाशी बोलतच नाहीत, यादीतही त्यांची ओळ कोरी आहे. दोनदा गेले, दोन्ही वेळा जाळीच्या दारातूनच नको म्हणाल्या. आमच्याकडे हादगा सुरू आहे, त्यांच्या लेकीला खेळायला पाठवतील का विचारणार आहे. उद्याची खिरापत माझी, डाळीचे लाडू केलेत. ते घेऊन संध्याकाळी जाऊन येते.